उलटं टांगलेलं दार

व्हर्लीन स्टिल्टनरला सुरांची अक्षरं वाचता येत नाहीत.
आम्हालाही नाहीत.
ती दारं रंगवते,
पाडलेल्या घरांची, भंगारातल्या गाड्यांची, एकदा तर फ्रीजचं,
कुंपणाला लावून उरलेल्या रंगानं.
आम्ही ती वाजवतो,
डावीकडून उजवीकडे,
बिजागरीपासून कडीपर्यंत.

पिवळं म्हणजे डेल्मरचा बँजो, बिस्किटांच्या डब्याचा.
आत अजून दोन बिस्किटं खुळखुळतात म्हणतो,
उघडून बघत नाही.
तांबडं म्हणजे क्लीटसची करवत.
दिवसभर लाकडं कापते,
म्हणून संध्याकाळी तिचा घसा बसलेला असतो.
काळं माझं : पत्र्याचं घमेलं, एक काठी, एक दोरी.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी या डोंगरांत,
कुठे ताणायचं आणि कुठे सोडायचं
ते वळणांनी शिकवलं.

पांढरं आलं की सगळ्यांनी गप्प.
हे सर्वांत अवघड.
क्लीटसला कधीच जमलं नाही.

कुठे शिकलीस, असं कुणी विचारलं
तर व्हर्लीन सांगते, इस्पितळाच्या धुलाईत.
बावीस वर्षं चादरी.
पिवळ्याच्या किती जाती असतात ते तिला विचारावं,
पण जेवणाआधी विचारू नये.

निळ्याला वाद्य नव्हतं.
निळं एकाच दारावर होतं,
तिच्या भावाच्या, ड्यूईच्या, घराच्या.
बिजागरीपाशी खिडकीतला दिवा,
मग निळं, निळं, गुडघ्याएवढं, छातीएवढं,
आणि कडीपाशी
तळहाताएवढं पांढरं.
निळं आलं की ज्यानं त्यानं तोंड मिटून
आपापलं गुणगुणायचं.
ड्यूई शेजाऱ्याची खेचरं सोडायला गेला होता
त्या रात्री. खेचरं परत आली.

ते दार सिनसिनाटीच्या एका माणसानं विकत घेतलं.
बारीक चष्मा, मऊ बूट, चोवीसशे डॉलर.
एकाहत्तराव्या वर्षी क्लीटसला दात आले.

पुढच्या शनिवारी अग्निशमन केंद्रात
घेवड्याचं जेवण होतं, आणि लोक म्हणाले, निळं वाजवा.
आम्ही उभे राहिलो. उभेच राहिलो.
पाठ होतं सगळ्यांना,
पण दारच नाही तर आत शिरायचं कुठून?

म्हणून जुनी बस काढली. चार तास.
तिथली भिंत इतकी पांढरी
की आमच्या नियमानं
त्या इमारतीत कुणी कधी आवाजच करायला नको होता.
आणि मधोमध ड्यूईचं दार,
उलटं.
कडी डावीकडे, बिजागऱ्या उजवीकडे,
निळं वरून लोंबतंय.

आम्ही व्हर्लीनच्या रागाची वाट पाहिली.
तिनं पर्स खाली ठेवली.
मान तिरकी केली, मग सरळ.
म्हणाली, वाजवा. डावीकडून. जसं आहे तसं.

पांढऱ्यानं सुरुवात.
क्लीटसची करवत मांडीवर, ओठ घट्ट,
पहिल्यांदाच.
दाराशी उभ्या पहारेकऱ्याचं घड्याळ ऐकू आलं.
मग निळं. छातीएवढं,
मग गुडघ्याएवढं,
मग घोट्याएवढं, मग
नुसती ओल.
आणि शेवटी डेल्मरनं पिवळं छेडलं तेव्हा
खिडकीत दिवा होता
आणि कुणीतरी घरात आलेलं होतं.

मऊ बुटांचा माणूस धावत आला,
कान लाल, माफी मागत,
आत्ता सरळ करतो म्हणाला.
राहू दे, व्हर्लीन म्हणाली. मग
इथे मोरी कुठे आहे म्हणून विचारलं,
आणि बराच वेळ आलीच नाही.

परतताना कुणी बोललं नाही.
क्लीटस जिभेनं नवे दात मोजत होता.
नदी ओलांडली तसं व्हर्लीन ओरडली, थांबव!
रस्त्याकडेला एक मोटेल पाडत होते.
अकरा दारं, भिंतीला टेकलेली,
आकडे अजून जागेवर.
सात नंबर बसमध्ये मावेना.
आम्ही मागची दोन बाकं उचकटली.